सवय नेमकी कशाची?

ॲलर्जीच्या सर्दीने बेजार झालेल्या माणसाला डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे लिहून दिला, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "त्याची सवय लागते हं. त्यापेक्षा गोळी बरी." दम्याच्या पंपाबद्दलही हेच ऐकू येतं. बोलणारी माणसं अडाणी नसतात. इंजिनिअर, प्राध्यापक, कधी मेडिकलच्या काउंटरवरचा माणूससुद्धा हेच छातीठोकपणे सांगतो. मग स्प्रे कपाटात जातो आणि गोळ्यांची पट्टी उशाशी येते. सवयीची ही भीती अनाठायी नाही, पण ती भलत्याच बाटलीला चिकटली आहे.

पूर्वपक्षाला आधी त्याचं श्रेय देऊ. स्टेरॉइडचा धाक उगाच बसलेला नाही. कॉर्टिझोनच्या कामाबद्दल केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० साली नोबेल मिळालं, आणि त्याच सुमारास हेही दिसू लागलं की हे औषध महिनोन्‌महिने पोटात गेलं तर चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, म्हणून स्टेरॉइडची गोळी एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. हे सगळं खरं आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर, गोळीचा दोष फवाऱ्याला लावताना. नैयायिक याला अतिव्याप्ती म्हणतील.

मोमेटासोन या स्टेरॉइडच्या स्प्रेचा एक फवारा ५० मायक्रोग्रॅमचा. मोठ्या माणसाला दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन, म्हणजे दिवसाला २००. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची २० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम. दोन औषधं वेगळी, त्यामुळे नुसत्या वजनावरून निकाल देता येणार नाही. पण मोमेटासोनचा जो भाग घशातून पोटात उतरतो त्याची यकृत पहिल्याच फेरीत वासलात लावतं, आणि रक्तात पोचतो तो एक टक्क्याहूनही कमी. सगळेच स्प्रे इतके सोवळे नाहीत. जुन्या बेक्लोमेथासोनचा बराच मोठा भाग शरीरात शोषला जातो, आणि तो वर्षभर रोज घेतलेल्या मुलांची उंची सुमारे एक सेंटीमीटर कमी वाढल्याचं २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणून मुलांना कमीत कमी मात्रा द्यावी आणि उंची मोजत राहावी. काहींच्या नाकातून रक्त येतं. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं.

पण "बंद केला की पुन्हा सुरू होतं, म्हणजे सवयच ना?" नाही. बंद केल्यावर परत येते ती मुळातली ॲलर्जी, जेवढी होती तेवढीच. पाऊस चालू असताना छत्री मिटली की माणूस भिजतो, त्याला कुणी छत्रीचं व्यसन म्हणत नाही. सवयीची लक्षणं दोन: मात्रा वाढवत न्यावी लागते, आणि सोडल्यावर मूळच्यापेक्षा वाईट अवस्था होते.

ही दोन्ही लक्षणं तंतोतंत लागू पडतात ती झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनच्या थेंबांना. नाक चोंदलं की काउंटरवर मागून आणतात तेच हे थेंब. आतल्या रक्तवाहिन्या आक्रसून दोन मिनिटांत नाक मोकळं करतात, आणि असर उतरला की त्या वाहिन्या जास्तच फुगतात. चार-पाच दिवसांपलीकडे वापरले तर थेंबांशिवाय श्वास घेणं अवघड होऊन बसतं. वर्षानुवर्षं शर्टाच्या खिशात ती बाटली बाळगणारे लोक स्टेरॉइडच्या स्प्रेला मात्र घाबरतात, ही मोठीच गंमत. आणि ही थेंबांची सवय सोडवायला डॉक्टर नाकात काय मारायला देतात? बहुधा तोच स्टेरॉइडचा स्प्रे.

ॲलर्जीवरच्या गोळीची निरुपद्रवी ही कीर्तीही तपासून पाहावी. क्लोरफेनिरामाइनने दिवसभर पेंग येते. सेटिरिझिन त्या मानाने सौम्य. पण दीर्घकाळ रोज घेऊन सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन थांबवल्यावर क्वचित काहींना अंगभर तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये दिला. आपल्याकडे लिव्होसेटिरिझिनच्या जोडीला सर्रास दिलं जाणारं मॉन्टेलुकास्ट मनावर परिणाम करू शकतं, म्हणून त्याच प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ॲलर्जीच्या सर्दीला ते इतर औषधांनी भागत नसेल तरच द्यावं, असंही सांगितलं. म्हणून गोळ्या टाकाऊ ठरत नाहीत. शिंका आणि खाज त्या चांगल्या आवरतात. चोंदलेल्या नाकापुढे मात्र त्यांचं फारसं चालत नाही, तिथे स्प्रेच सरस.

"मी मारून पाहिला, काही झालं नाही," असं म्हणणाऱ्याला मारून दाखवायला सांगावं. बहुतेक जण मान मागे टाकतात, नळी मधल्या पडद्याकडे रोखतात आणि जोरात सूं करून ओढतात. औषध घशात, पडद्याला जखम, तोंड कडू. खरी रीत अशी: मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्याने उजवीत, टोक कानाच्या बाजूला, श्वास हलका. पूर्ण गुण यायला कधी दोन आठवडेही लागतात. दोन दिवसांत सोडणाऱ्याने निकाल देऊ नये.

पंपाबाबत तर गैरसमज जिवावर बेततो. दमा असलेल्या मोठ्यांनी आणि किशोरांनी नुसत्या सालब्युटामॉलच्या, म्हणजे तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर राहू नये, त्यासोबत श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हवंच, असं दम्याच्या जागतिक मार्गदर्शक संस्थेने, 'जीना'ने, २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आपल्याकडे पंप टाळून लोक बिनलेबलाच्या पुड्या घेतात, आणि अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा उघडकीला आलेलं आहे. ते थेट पोटात जातं, मोजमापाशिवाय.

उरला शेवटचा आक्षेप: "मग काय जन्मभर नाकात स्प्रे मारत बसायचं?" ज्यांचा त्रास हंगामी, त्यांना तेवढ्यापुरताच. बारमाही त्रास असेल आणि धुळीतले सूक्ष्म किडे किंवा ठरावीक पराग हेच कारण आहे असं तपासणीत निघालं, तर प्रतिकारशक्तीला हळूहळू सरावायला लावणारा इलाज आहे. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांच्या अर्काची टोचणी देऊन पाहिली आणि १९११ साली ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. आज तोच मार्ग इंजेक्शनं आणि जिभेखालच्या थेंब-गोळ्यांच्या रूपाने चालतो. तीन ते पाच वर्षं चिकाटी लागते, आणि थांबवल्यावरही गुण काही वर्षं टिकतो. दमा आटोक्यात नसेल तर मात्र हा इलाज सुरू करत नाहीत. टोचून झाल्यावर निदान अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवतात, कारण क्वचित सगळ्या शरीरावर रिॲक्शन येते आणि तेव्हा ॲड्रिनलिन हाताशी लागतं. घरी येऊन टोचून जाणाऱ्याकडून हे इंजेक्शन घेऊ नये.