चाचणी शर्यतीची कुळकथा

सुरतच्या पांडेसरा आणि सचिन या औद्योगिक वसाहतींच्या मधल्या भेस्तानमध्ये खानदेशातून आलेली घरे बरीच. तिथल्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या स्पर्धेला कुणी मदत करायची म्हटली की आधी टी-शर्ट आणि पदके सुचतात. माझे मत, आधी प्रशिक्षकाचे वर्षभराचे मानधन द्यावे. त्याचे कारण या स्पर्धांमधल्या चाचणी शर्यतीत आहे.

ही मुले मुळातच कमजोर, असा पूर्वी सार्वत्रिक समज होता. 1960च्या दशकात टोरंटोच्या फ्रँक हेडन यांनी त्यांची तंदुरुस्ती तपासली. ती इतर मुलांपेक्षा फारच कमी भरली खरी, पण दोष अपंगत्वाचा नव्हता. खेळायलाच मिळत नव्हते. त्याच सुमारास, 1962च्या उन्हाळ्यात, युनिस केनेडी श्रायव्हर यांनी मेरिलँडमधल्या आपल्या घरी या मुलांचे क्रीडाशिबिर भरवले. त्यांची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती. या दोन धाग्यांतून 20 जुलै 1968 रोजी शिकागोत पहिले स्पेशल ऑलिंपिक्स झाले. खेळाडू हजाराच्या आसपास. भारतात ही चळवळ 1987मध्ये आली.

हळूहळू गट पाडण्याची रीत पक्की झाली. आधी वय आणि मुलगा-मुलगी पाहायचे, मग चाचणी शर्यत. शंभर मीटर कुणी 18 सेकंदांत पळतो, कुणी 31. दोघांना एकाच अंतिम शर्यतीत उतरवले तर दुसऱ्याची हार पळण्याआधीच ठरलेली. म्हणून जवळपासच्या वेळांचे 3 ते 8 खेळाडू एका गटात. सर्वांत वेगवान आणि सर्वांत हळू यांच्यात फरक साधारण 15 टक्क्यांच्या आत. मग 31 सेकंदांवाल्यालाही जीव तोडून पळावे लागते, आणि जिंकताही येते. मला ही युक्ती अतिशय न्याय्य वाटते.

पण चाचणीतली वेळ खरी हवी. सराव नसलेले मूल शिट्टीने दचकते, शेजारच्या पट्ट्यात शिरते, मागे पडलेल्या मित्रासाठी थांबते. त्या दिवशी घड्याळात पडलेली वेळ त्याची नसतेच, आणि गट चुकतो. मुद्दाम हळू पळणाऱ्यांसाठी नियम आहे: अंतिम शर्यतीत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सुधारणा दिसली तर बाद. सराव न मिळालेल्या मुलालाही तोच नियम लागू शकतो. म्हणून आठवड्याला दोन-तीनदा मैदान, तेच प्रशिक्षक, आणि प्रत्येक मुलाच्या वेळा लिहिलेली वही. मदत करायची तर त्या प्रशिक्षकांना मानधन आणि मुलांना रिक्षाभाडे द्यावे.