नवख्याच्या हाती जहाल रेझर

दुधारी पात्याच्या रेझरकडे वळणाऱ्याला पहिला सल्ला ठरलेला असतो : सुरुवात मवाळ रेझरने करा, हात बसला की मग जहालकडे जा. जर्मनीत सॅक्सनी प्रांतातली म्यूले कंपनी दोन प्रकारची डोकी बनवते. आर-८९ बंद पट्टीचं, मवाळ. आर-४१ उघड्या दातांचं, जहाल. पहिलं नवशिक्याचं, दुसरं कसलेल्याचं, अशी वाटणी दुकानदारापासून मित्रापर्यंत सगळे बिनदिक्कत करतात. ज्या तर्कांवर ती उभी आहे ते मात्र तपासणीला टिकत नाहीत.

पूर्वपक्षाचे मुद्दे तीन. जहाल रेझरची धार जास्त बाहेर असते, म्हणून तो कापतो. नवख्याचा हात जड असतो, म्हणून त्याला चूक पोटात घालणारं हत्यार हवं. आणि कौशल्य पायरीपायरीने येतं, म्हणून रेझरही पायरीपायरीने चढवावा.

पहिला मुद्दा घेऊ. रेझरचं डोकं बाजूने पाहिलं की वरची टोपी आणि खालची पट्टी या दोघींना टेकणारी एक सरळ रेघ कल्पिता येते. पात्याची धार त्या रेघेच्या आत राहिली तर रेझर साधारणपणे मवाळ, बाहेर डोकावली तर जहाल. धार बाहेर असली की केसापर्यंत पोचायला तिला दाब लागत नाही, एवढाच याचा अर्थ. कातडी कापली जाते ती कोन चुकल्याने, दाब दिल्याने किंवा धार आडवी सरकल्याने. याचा पुरावा नाक्यावरच्या सलूनमध्ये रोज मिळतो. न्हावी हेच दुधारी पातं कागदासकट मधोमध मोडतो आणि अर्धं वस्तऱ्यात सरकवतो. तिथे ना पट्टी, ना दात, ना टोपी. धार सगळी उघडी. तरी गिऱ्हाईक रक्तबंबाळ होऊन उठत नाही, कारण न्हाव्याचा डावा हात कातडी ताणून धरतो आणि उजवं मनगट कोन सोडत नाही. शिकाऊ पोरगाही याच वस्तऱ्यावर शिकतो. तो उस्तादाच्या नजरेखाली शिकतो, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण मग घरी दाढी करणाऱ्याला कमी पडतं ते शिक्षण. त्याचा ठपका रेझरवर कशाला?

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. मवाळ रेझर चूक पोटात घालतो हे खरं, आणि नेमकं म्हणूनच चूक कळत नाही. धार आत असल्याने खुंट राहतात, मग नवखा दाबतो. दाबलं की धार आणि पट्टी यांच्यामधल्या फटीत कातडी फुगून येते आणि धार केसाबरोबर तिचाही पापुद्रा काढते. रक्त दिसत नाही, म्हणून सगळं ठीक वाटतं. पुढे हनुवटीखालच्या खुंटांसाठी दुसरा हात, तिसरा हात, वर फेस निघून गेलेल्या जागेवर दोन-चार ओरखडे. संध्याकाळी कॉलर घासून गळ्याची आग होते, तेव्हा सकाळच्या कुठल्या चुकीचं हे फळ, ते सांगता येत नाही. जहाल रेझर जाब तिथल्या तिथे विचारतो. कोन जमला की खुंट तुटल्याची करकर स्वच्छ ऐकू येते. दांडी गालाच्या फार जवळ आली की धार खरवडू लागते आणि हात आपसूक थांबतो. शिवाय धार एकाच जागेवरून किती वेळा फिरली, हा हिशोब महत्त्वाचा. राठ, दाट दाढी दोन हातांत उरकणारा रेझर चार हात मागणाऱ्यापेक्षा कातडीला सौम्यच पडतो.

राहिला पायऱ्यांचा मुद्दा. त्यासाठी जिलेटने १९५८ साली आणलेल्या, १ ते ९ आकड्यांच्या अ‍ॅडजस्टेबल रेझरचा दाखला देतात. पण आकडा वाढवला की फट आणि धार दोन्ही सरकतात, आणि दांडी धरायचा कोनही थोडा बदलतो. म्हणजे आधी बसलेला हात मोडून पुन्हा बसवायचा. इतिहासही पायऱ्यांना साक्ष देत नाही. किंग कॅम्प जिलेट यांना दुधारी पात्याच्या रेझरचं पेटंट मिळालं १५ नोव्हेंबर १९०४ रोजी. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. आकड्यांची चकती तेव्हा नव्हतीच. ते रेझर आर-४१ इतके जहाल नव्हते, हे मान्य. पण विशीतल्या पोरांसाठी सोपी आणि अवघड अशा दोन आवृत्त्या कुणी काढल्या नाहीत, आणि पोरं दाढी करायला शिकली.

खंडन झालं, आता मंडन. दाढी अंघोळीनंतर करावी. दोन-तीन मिनिटं पाणी मुरलं की केस बराच मऊ होतो. फेस ओला हवा. दांडी टोकाशी चिमटीत धरावी आणि वजन रेझरचंच पडू द्यावं. टोपी गालाला टेकवून दांडी जवळजवळ काटकोनात ठेवावी आणि करकर सुरू होईपर्यंतच खाली आणावी. हात इंचभराचे, डाव्या हाताने कातडी ताणलेली. पहिला आठवडा फक्त गाल, तेही केसांच्या कलाने. हनुवटी आणि ओठावरचा भाग जुन्या रेझरने उरकावा. उलटा हात महिनाभर मारू नये. पातं साधं घ्यावं; जपानी फेदरची घाई नको, कारण रेझर आणि पातं दोन्ही एकदम बदललं तर चूक कोणाची ते कळत नाही. शेवटी ओली तुरटी फिरवावी. जिथे झोंबेल तिथे दाब पडला होता, हे ओळखावं आणि उद्या तिथला हात हलका करावा.

पूर्वपक्षाला एक गोष्ट द्यायलाच हवी. चेहऱ्यावर मुरुमं असतील, जखमेचे व्रण उठून वाढत असतील, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हात थरथरत असेल किंवा दाढी कोवळी, विरळ असेल, तर मवाळ रेझरच बरा, आणि तोही कायमचा. पण या सगळ्या अटी चेहऱ्याच्या आणि प्रकृतीच्या आहेत. नवखेपणा त्यांत बसत नाही. तेव्हा रेझर घेताना आधी आपली दाढी आणि कातडी पाहा. अनुभव किती, हा प्रश्न दुकानदाराने विचारला तरी मनावर घेऊ नका.