शेजारधर्म आणि डेसिबल

सिनेमा जन्माला आला तोच मुळी तळघरात. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून पहिला जाहीर खेळ केला, तो 'ग्रँड कॅफे' नावाच्या उपाहारगृहाखालच्या दालनात. त्या दालनाचं नाव फ्रेंचमध्ये काय असेल ते असो, अर्थ 'हिंदुस्थानी दिवाणखाना' असा होता. तिकीट एक फ्रँक, प्रेक्षक तेहतीस, आणि दहा चित्रपट, प्रत्येक मिनिटभराच्या आतला. वर कॉफी पिणाऱ्यांनी तक्रार करायचं काही कारणच नव्हतं, कारण खालची चित्रं मुकी होती. म्हणजे शेजाऱ्यांना त्रास न देता तळघरात सिनेमा कसा दाखवावा, हा प्रश्न सिनेमाने पहिल्याच दिवशी सोडवून टाकला होता. पुढे त्याला वाचा फुटली आणि आमच्या मेहुण्यापर्यंत प्रकरण येऊन पोचलं.

मेहुण्याचं रो-हाऊस नागपुरात बेसा रोडकडे आहे. खाली तळघर आहे. आता नागपूरच्या काळ्या मातीत तळघर बांधणं हेच धाडस. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, आमच्या शाखेतल्या काही खातेदारांसारखी. पण तळघर टिकलं, ओलही आली नाही, तेव्हा "भाऊजी, इथं थेटर करून राहिलो मी," असं त्याने जाहीर केलं.

घरात सिनेमा आणण्याचा मान मराठी माणसात खरा दादासाहेब फाळक्यांचा. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले आणि त्यांनी घरीच एका वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. ती फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. मी बँकेत आहे म्हणून सांगतो, कोंब आलेला वाटाणा दाखवून कर्ज काढणं सोपं नाही. शिवाय सरस्वतीबाईंचे दागिने पणाला लागले ते वेगळंच. त्या काळी कोऱ्या फिल्मला कडेची भोकं घरीच पाडावी लागत, तीही अंधारात. ते काम सरस्वतीबाई करीत. होम थिएटरचा भार घरच्या बाईवर पडतो, ही परंपरा तेव्हापासूनची आहे. मेहुण्याच्या बायकोने तळघरातल्या लोणच्याच्या बरण्या दोन मजले वर नेल्या.

नंतरच्या काळात सिनेमा घरातून बाहेर पडला आणि त्याने अख्खं शहर व्यापलं. नागपुरात चौकांना टॉकीजची नावं पडली. व्हरायटी चौक, पंचशील चौक. माणूस पत्ता सांगतो तो अजून टॉकीजवरूनच. आणि मग ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला आणि सिनेमा पुन्हा घरी परतला. ज्यांनी भाड्याचा व्हीसीआर पाहिला नाही त्यांना शेजारधर्म म्हणजे काय ते समजणार नाही. संध्याकाळी यंत्र यायचं, सकाळी परत द्यायचं, तेवढ्यात तीन सिनेमे संपवायचे. पैसे गल्लीने वर्गणी काढून द्यायचे. आवाज मोठा ठेवायचा, कारण अंगणातल्यांना ऐकू जायला पाहिजे. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं तेव्हा तर ज्याच्याकडे टीव्ही होता त्याचं घर रविवारी सकाळी त्याचं राहिलंच नाही. त्या वेळी आवाज शेजारी गेला नाही तर शेजारी भांडायला यायचा.

आता गंमत बघा. तोच माणूस, तोच सिनेमा, आणि सगळा खर्च कशावर, तर शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये यावर.

मेहुण्याच्या शेजाऱ्याचं प्रकरण मात्र साधं नाही. मधली भिंत सामायिक, आणि पलीकडे राहतात ते काका रेल्वेत लोको पायलट, अजनीचे. रात्रभर मालगाडी हाकून सकाळी येतात आणि अकराच्या सुमाराला झोपतात. ध्वनिप्रदूषणाचा जो नियम २००० साली आला त्यात निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. काकांची रात्र दुपारी असते, ती कायद्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. आणि यांची झोपमोड झाली तर नुसती कुरकुर होऊन भागत नाही. पुढच्या खेपेला त्यांना सिग्नल बघायचे असतात, मागे पन्नासेक वाघिणी असतात.

मेहुण्याने एका दुकानदाराला बोलावलं. त्याने चारी भिंतींना फोमच्या पाट्या चिकटवायचं अंदाजपत्रक दिलं आणि "आवाज बाहेर जाणार नाही, बाप्पा!" अशी हमीही दिली. ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्या मुळाशी एक खरा शास्त्रज्ञ आहे.

त्याच १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह असं घुमत होतं की प्राध्यापकाचं एक वाक्य संपेपर्यंत मागचं भिंतीवरून परत यायचं. वॉलेस साबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, घुमणं किती सेकंद टिकतं ते मोजायचं आणि उजाडायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. गाद्या नसताना साडेपाच सेकंद. जितक्या गाद्या जास्त तितकं घुमणं कमी. यातून खोलीच्या ध्वनीचं शास्त्र जन्मलं आणि १९०० साली बॉस्टनचं सिंफनी हॉल त्याच हिशेबाने उभं राहिलं.

पण साबिनच्या गाद्यांनी घुमणं थांबलं, आवाजाचं बाहेर जाणं नव्हे. फोमने आतला आवाज स्वच्छ होतो. भिंतीपलीकडच्या काकांना त्याचा उपयोग इतकाच की संवाद त्यांनाही जरा स्पष्ट ऐकू येतात.

आवाज अडवायला वजन लागतं. आणि इथला हिशेब आम्हा कॉमर्सवाल्यांना रडवणारा आहे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. चक्रवाढ व्याजही इतकं निर्दय नसतं. उलट भिंतीचं वजन दुप्पट केलं तर पदरात पडतात फक्त पाच-सहा डेसिबल. दुप्पट ठेव, आणि व्याज असं. त्यात खोल आवाजाची गोष्ट आणखी वाईट. वीस हर्ट्झच्या लहरीची लांबी सतरा मीटर, म्हणजे साधारण छप्पन्न फूट. मेहुण्याचं घर वीस फूट रुंद. ती लहर तळघरात मावतच नाही, तर तिला तिथं कोंडणार कोण? स्फोटाचा आणि ढोलाचा आवाज जमिनीतून, भिंतीतून, थेट पलंगाच्या पायातून वर येतो.

दुकानदाराला चहा पाजून वाटेला लावलं. मग जे केलं ते असं. सामायिक भिंतीला न टेकता, मधे हातभर पोकळी सोडून दुसरी भिंत उभी केली. पोकळीत खनिज लोकर भरली. दाराची फट रबराने बुजवली, कारण बोटभर फटीतून भिंतीची सगळी मेहनत वाहून जाते. आणि तो सबवूफर नावाचा राक्षस काकांच्या बाजूने उचलून रस्त्याच्या बाजूला रबरी पायांवर बसवला.

मग चाचणी. मेहुणा खाली, काका स्वतःच्या पलंगावर, मी दोन्ही घरांच्या मधल्या पायरीवर मोबाइल घेऊन. खाली लढाई सुरू झाली.

"काका, काही ऐकू येते काय?"

"तुमचाच आवाज येऊन राहिला जी," काका म्हणाले.

तरी दुपारी लढाया नाहीत असं ठरलं. काकांचा ड्यूटीचा तक्ता दर आठवड्याला तळघराच्या दारावर लागतो, आणि त्याप्रमाणे खेळांच्या वेळा बदलतात. एप्रिलपर्यंत सगळं सुरळीत चाललं. आता मे लागला आहे आणि मेहुण्याचा कूलर, लोखंडी, जुना, काकांच्या खिडकीसमोरच खडखडतो आहे. त्यावर बैठक रविवारी आहे.