शाळेतला झेंडा आणि त्यावरून होणारे वाद : पालकांनी काय माहीत ठेवावे?

१५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे. या तीन दिवशी आपली मुले सकाळी लवकर उठून, इस्त्रीचा गणवेश घालून झेंडावंदनाला जातात. मराठवाड्यात त्यात १७ सप्टेंबरची भर पडते. शाळा उर्दू असो की मराठी, जिल्हा परिषदेची असो की संस्थेची, या दिवसांचा उत्साह मुलांना शिकवावा लागत नाही.

पण अलीकडे या उत्साहाला एक काळजी चिकटली आहे. मुलाने झेंडा कसा धरला, कुठला धरला, तो खाली कसा पडला, याचा कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढतो. दुपारपर्यंत तो गावभर फिरतो आणि संध्याकाळी आई-वडील मुख्याध्यापकांच्या खोलीत नाहीतर पोलीस ठाण्यात बसलेले दिसतात. शिक्षक म्हणून आम्ही असे प्रसंग जवळून पाहिले आहेत. बहुतेक वेळा मुलाच्या मनात काहीच नसते, त्याला नियम माहीत नसतो. आणि गंमत म्हणजे तक्रार करणाऱ्यालाही नियम माहीत नसतो. म्हणून कायदा काय म्हणतो, न्यायालयांनी काय ठरवले आणि वाद झालाच तर काय करायचे, हे सगळे एका ठिकाणी देत आहोत.

तिरंगा कसा ठरला

संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी तिरंगा स्वीकारला. त्याआधी झेंडा ठरवण्यासाठी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या समितीत मौलाना अबुल कलाम आझाद होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, सरोजिनी नायडूही होत्या. ही गोष्ट मुलांना घरी जरूर सांगावी. हा झेंडा आपल्याला कुणी बाहेरून आणून दिलेला नाही, तो ठरवताना आपली माणसेही बसली होती.

झेंड्याची लांबी आणि उंची ३:२ या प्रमाणात असते. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा, आणि पांढऱ्या पट्ट्यावर गडद निळे अशोकचक्र, २४ आऱ्यांचे. मुले कागदावर झेंडा काढतात तेव्हा आरे कमी-जास्त होतात. ती चित्रकलेची चूक आहे, अपमान नव्हे.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा : कायदा आणि संहिता

पहिला आहे राष्ट्रीय सन्मान अपमान प्रतिबंध कायदा, १९७१. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांना दिसेल अशा जागी झेंडा जाळणे, फाडणे, तुडवणे, विद्रूप करणे, त्याचा अपमान करणे याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा कडक आहे, पण त्यातला एक शब्द नीट वाचा. झेंडा जमिनीला किंवा पाण्याला लागू देणे आणि केशरी पट्टा खाली करून झेंडा लावणे, या दोन्ही बाबतीत कायद्याने ‘जाणूनबुजून’ अशी अट घातली आहे. दुसरीतल्या मुलाच्या हातून कागदी झेंडा निसटला, किंवा घाईत उलटा धरला गेला, तर तो गुन्हा होत नाही.

दुसरी आहे भारतीय ध्वजसंहिता. ती २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. त्याआधी सामान्य माणसाला वर्षभर झेंडा लावण्याची मोकळीक नव्हती. आता कुणीही, कुठल्याही दिवशी, मान राखून झेंडा लावू शकतो. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिएस्टरचे आणि यंत्रावर बनवलेले झेंडेही चालू लागले. जुलै २०२२ च्या दुरुस्तीनंतर उघड्यावर किंवा घरावर लावलेला झेंडा रात्रीही ठेवता येतो. त्यामुळे ‘सूर्यास्तानंतर झेंडा उतरवला नाही’ म्हणून शेजाऱ्याशी कुणी भांडत असेल, तर तो जुना नियम सांगतो आहे.

शाळांबद्दल संहिता काय सांगते

शाळा-महाविद्यालयांत झेंड्याबद्दल आदर वाढावा म्हणून तो फडकवावा, असे संहिता म्हणते आणि त्याची पद्धतही सांगते. विद्यार्थ्यांनी चौकोनाच्या तीन बाजूंना उभे राहायचे. चौथ्या बाजूच्या मध्यभागी ध्वजस्तंभ. मुख्याध्यापक, विद्यार्थी प्रमुख आणि झेंडा फडकवणारी व्यक्ती स्तंभाच्या तीन पावले मागे. मग ध्वजवंदन, राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा.

मुलांना आणि पालकांना लागणारे बाकीचे नियम असे :

• झेंडा फाटलेला, मळलेला किंवा चुरगळलेला नसावा.
• तिरंग्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने शेजारी दुसरा कुठलाही झेंडा लावू नये. एकाच काठीवर दोन झेंडे तर नकोतच.
• झेंड्यावर काहीही लिहू नये. नाव नाही, घोषणा नाही, कुठल्याही धर्माचा पवित्र मजकूरही नाही.
• भिंतीवर उभा लावायचा असेल तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा.
• फडकवण्याआधी झेंड्यात फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही. मात्र स्तंभाच्या टोकावर हार-फुले नकोत.
• कमरेच्या खालच्या कपड्यांवर, रुमालावर, उशीवर झेंडा छापू नये. गाडीच्या टपावर किंवा बॉनेटवर तो अंथरू नये.
• कार्यक्रमात कागदी झेंडे हलवायला परवानगी आहे, पण नंतर ते जमिनीवर टाकू नयेत. खराब झालेल्या झेंड्याची विल्हेवाट चारचौघांत नाही, खासगीत आणि सन्मानाने लावायची.

तिसरा नियम आपल्या मोहल्ल्यांमध्ये खास समजावून सांगायला हवा. चक्राच्या जागी किंवा पट्ट्यावर कलमा वा आयत लिहिलेला तिरंगा मिरवणुकीत नेल्यावरून देशात काही ठिकाणी गुन्हे नोंदले गेले आहेत. मुलांना वाटते, दोन प्रिय गोष्टी एकत्र केल्या तर बिघडले कुठे? भावना चांगली असली तरी नियमात ते बसत नाही. आणि पवित्र मजकूर मिरवणुकीत नेऊन पायदळी येण्याची भीती असते ती वेगळीच.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल

पहिला, नवीन जिंदल प्रकरणाचा, जानेवारी २००४ चा. मान राखून राष्ट्रध्वज फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, तो अभिव्यक्तिस्वातंत्र्यात, म्हणजे कलम १९(१)(अ) मध्ये येतो, असे न्यायालयाने सांगितले. हा हक्क अमर्याद नाही, त्यावर वाजवी बंधने घालता येतात. पण हक्क सर्वांचा आहे. तुमच्या मुलाच्या हातातला तिरंगा कुणाच्या मेहेरबानीने आलेला नाही.

दुसरा, बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, ऑगस्ट १९८६ चा. केरळमधल्या एका शाळेने १९८५ मध्ये तीन भावंडांना काढून टाकले होते. ही मुले ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. न्यायालयाने मुलांना परत शाळेत घ्यायला लावले. जो अदबीने उभा राहतो तो अनादर करत नाही, असा या निकालाचा आशय आहे. १९७१ च्या कायद्यातही शिक्षा आहे ती राष्ट्रगीत जाणूनबुजून बंद पाडणाऱ्याला किंवा त्यात गोंधळ घालणाऱ्याला.

आपली मुले राष्ट्रगीत गातात आणि गावेच. तरीही हा निकाल माहीत हवा. सर्दीने घसा बसलेल्या मुलाचे ओठ हलत नव्हते म्हणून कुणी त्याच्या देशप्रेमाची परीक्षा घेऊ लागला, तर उत्तर तयार असावे.

हे वाद फक्त आपल्याकडेच नाहीत

अमेरिकेत शाळेत झेंड्याला सलामी सक्तीची करता येणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये बार्नेट खटल्यात दिला. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना दिलेला हा निकाल आहे. तिथेही मुले याच पंथाची होती.

दुसरे प्रकरण अलीकडचे. कॅलिफोर्नियातल्या मॉर्गन हिल गावातल्या शाळेत ५ मे २०१० रोजी मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांचा सण साजरा होत होता. काही मुले अमेरिकेच्या झेंड्याचे टी-शर्ट घालून आली. आदल्या वर्षी याच दिवशी झेंड्यावरून दोन गटांत बाचाबाची झाली होती. म्हणून शाळेने सांगितले, शर्ट उलटा घाला नाहीतर घरी जा. पालक न्यायालयात गेले. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने शाळेची बाजू घेतली : मारामारीची खरीखुरी शक्यता असेल तर शाळा असे सांगू शकते. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला. अनेकांना तो निकाल पटला नाही. त्यांचे म्हणणे असे की दंगा करणाऱ्याला आवरायचे सोडून झेंडेवाल्याला घरी पाठवले.

आम्हाला यात शिक्षकांसाठी एक धडा दिसतो. स्वतःच्या देशाचा झेंडासुद्धा दुसऱ्याला डिवचायला वापरला की भांडणाचे कारण होतो. आदरासाठी हातात घेतलेला झेंडा आणि कुणाच्या दारासमोर नाचवलेला झेंडा यातला फरक मुलांना कळतो. मोठ्यांनी तो सांगायला हवा.

हिरवा झेंडा, परका झेंडा

ईद-ए-मिलादचा किंवा दर्ग्याचा हिरवा झेंडा पाहून ‘पाकिस्तानचा झेंडा’ अशी ओरड होते. पाकिस्तानच्या झेंड्यात गडद हिरव्या रंगासोबत काठीच्या बाजूला पांढरा उभा पट्टा असतो. नुसता हिरवा किंवा चांद-तारा असलेला हिरवा झेंडा म्हणजे तो नव्हे. हा फरक शांतपणे, दोन चित्रे दाखवून सांगता येतो.

पॅलेस्टाईनच्या झेंड्याचे थोडे वेगळे आहे. भारताने १९८८ मध्येच पॅलेस्टाईनला मान्यता दिली. तरीही २०२४ च्या मोहरममध्ये हा झेंडा फडकवल्यावरून काही राज्यांत पोलिसांनी गुन्हे नोंदवले. न्यायालयात काय होईल ते पुढचे, तोवर मुलाची परीक्षा आणि घराची झोप जाते. शाळेला आपल्या आवारात शिस्तीचे नियम करता येतात. म्हणून आमचा सल्ला साधा आहे : शाळेच्या कार्यक्रमात फक्त तिरंगा. गाझातल्या मुलांचे दुःख मुलांनी निबंधात लिहावे, भाषणात मांडावे, मदतीसाठी पैसे जमवावेत. त्यासाठी आधी शिक्षकांशी बोलावे.

वाद झालाच तर

१. आधी मुलाचे ऐकून घ्या. सगळ्यांसमोर त्याला मारू-ओरडू नका. घाबरलेले मूल न केलेलेही कबूल करते.

२. व्हिडिओ पुढे पाठवू नका, मात्र पुरावा म्हणून जपून ठेवा. मागचा-पुढचा भाग कापलेला आहे का ते पाहा.

३. मुख्याध्यापकांना लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. त्या वेळी हजर असलेल्या शिक्षकांची नावे त्यात लिहा.

४. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही (कलम १६), मारता किंवा मानसिक त्रासही देता येत नाही (कलम १७). अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले. त्यामुळे शाळा कुठल्या प्रकारची आहे ते आधी विचारा.

५. पोलीस आले तर लक्षात ठेवा, १८ वर्षांखालील मुलाला बाल न्याय कायदा, २०१५ लागू होतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. ताब्यात घेतले तर २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यावे लागते. २०१६ च्या नियमांप्रमाणे अतिगंभीर गुन्हा नसेल आणि मोठी माणसे सामील नसतील, तर मुलावर एफआयआर न करता ठाण्याच्या दैनंदिन नोंदवहीत नोंद करायची असते. हे बोलायला वकील सोबत न्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मुलांसाठी वकील मोफत मिळतो.

६. जमाव करून शाळेवर किंवा ठाण्यावर जाऊ नका. चार समजूतदार माणसे पुरेत, आणि त्यात मोहल्ल्याबाहेरचे, शाळेला ओळखणारे एक-दोन असतील तर फारच बरे.

शाळांनाही आमची विनंती आहे. झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी एक तास नियमांसाठी द्या. झेंडा कसा धरायचा, कार्यक्रमानंतर कागदी झेंडे कुठे जमा करायचे, एवढे जरी सांगितले तरी अर्धे वाद होणार नाहीत. फाटकाजवळ एक खोके ठेवा आणि जाताना प्रत्येक मूल आपला झेंडा त्यात ठेवील असे बघा. हे काम सातवी-आठवीच्या मुलांना द्या. ती ते मनापासून करतात.