एर्ट्सबर्ग : एका अहवालाचे वाचन

वाचकाविना संहिता निद्रिस्त असते, असे आम्ही वर्गात शिकवतो. पश्चिम न्यू गिनीतील एर्ट्सबर्गचा इतिहास वाचताना हे विधान तपासून पाहावेसे वाटते.

१९३६ साली तेथील हिमाच्छादित पर्वतरांगेत डच भूवैज्ञानिक जाँ जाक डोझी यांना एक काळाकभिन्न सुळका दिसला. त्याला त्यांनी ‘एर्ट्सबर्ग’, म्हणजे धातुकाचा डोंगर, असे नाव दिले. तप्त शिलारस चुनखडीत घुसला, त्यातील उष्ण द्रवांनी चुनखडीचे रूपच पालटले आणि तेथे तांबे व लोह साचले. डोझींचा अहवाल १९३९ मध्ये लायडनला प्रसिद्ध झाला. पाठोपाठ महायुद्ध आले आणि तो विस्मरणात गेला. १९५९ मध्ये तो पुन्हा वाचला गेला. १९६० मध्ये फोर्ब्स विल्सन यांची मोहीम तेथे पोहोचली. १९६७ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारशी खाणीचा करार झाला. १९८०च्या दशकाअखेर सुळक्याच्या जागी खोल खड्डा उरला.

तेथील अमुंगमे लोक या पर्वतांना मातेचे शरीर मानतात. करार करताना त्यांना कोणी विचारले नव्हते. डोंगराचे त्यांचे वाचन अहवालाहून कितीतरी जुने होते. ‘शोध’ हा शब्द वापरताना आम्हाला त्याचे स्मरण राहायला हवे.