सगळ्यात जुन्या क्लबाचं घर

मुलीकडे शेफील्डला राहायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. नातवाला फुटबॉलचं वेड. एका सकाळी म्हणाला, "आजोबा, जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉलचं मैदान बघायचंय?" मला वाटलं, चांगलं मोठं स्टेडियम असेल. बसने चढण चढून सँडीगेटला पोचलो, तर समोर एका बाजूला कललेलं हिरवं मैदान. आमच्या शाळेचं मैदान याहून सपाट होतं!

हे हॅलम क्लबाचं मैदान. गावकरी १८०४ पासून इथे क्रिकेट खेळत, फुटबॉल क्लब १८६० चा. त्याच वर्षी २६ डिसेंबरला शेफील्ड एफ.सी. हा शेजारचा क्लब इथे येऊन २-० असा जिंकून गेला. दोन क्लबांमधला हा पहिला सामना. गिनेस बुकातही मैदानाची नोंद आहे.

माझं मन मात्र त्या पाहुण्या क्लबात अडकलं. नॅथॅनिएल क्रेस्विक आणि विल्यम प्रेस्ट हे दोघे क्रिकेटवाले. हिवाळ्यात करायचं काय, म्हणून त्यांनी २४ ऑक्टोबर १८५७ ला शेफील्ड एफ.सी. काढला. कचेरी म्हणजे एका बंगल्याच्या आवारातलं, झाडं ठेवायचं काचघर! दुसरा क्लबच नाही, मग खेळायचं कुणाशी? तर आपसातच, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. (कोण जिंकत असेल, हा प्रश्न आमच्या हिने लगेच विचारला.) १८५८ साली त्यांनी स्वतःचे नियम लिहून काढले. हाताने ढकललेलं चालत असे. पुढे कॉर्नर किक आली तीही शेफील्डच्याच नियमांतून.

हेच दोन क्लब २९ डिसेंबर १८६२ ला ब्रॅमॉल लेनवर पुन्हा भेटले आणि मैदानातच मारामारी झाली. सामना होता मदतनिधीसाठी. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस येईना, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी. त्याच काळात आपल्या मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि प्रेमचंद रायचंदांचं नाव गाजत होतं! वर्गात हे दोन्ही धडे मी वेगवेगळे शिकवले, एकत्र कधीच जोडले नाहीत. असो.

१८८५ साली इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळण्याला मान्यता मिळाली. शहरातले वेन्सडे आणि युनायटेड मोठे झाले. शेफील्ड एफ.सी. मात्र हौशीच राहिला. १९०४ मध्ये हौशी संघांचा चषक त्याने जिंकला, बाकी खालच्या पायऱ्यांवरच्या स्पर्धा आणि दुसऱ्यांची मैदानं. स्वतःचं म्हणावं असं मैदान मिळालं थेट २००१ साली, तेही ड्रॉनफील्डला, एका पबच्या मागे. म्हणजे नाव शेफील्डचं आणि घर शेजारच्या डर्बीशायर परगण्यात! २००४ मध्ये फिफाने रेआल माद्रिदच्या बरोबरीने याच क्लबाचा सन्मान केला, हे त्यावर आणखी.

आणि मग २०११. मैदानाच्या कामाला पैसा हवा म्हणून क्लबाने १८५८ चे ते हस्तलिखित नियम जुन्या कागदपत्रांसकट लिलावात काढले. ८,८१,२५० पौंड आले.

हे ऐकून मी चांगलाच चिडलो. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस मी. जन्माची वही विकायची? नातू म्हणाला, "पण आजोबा, खेळणार कुठे?" मला उत्तर सुचलं नाही. उलट हॅलमची गोष्ट बघा. १८६७ मध्ये जिंकलेला युदान चषक त्यांच्याकडून हरवला होता, तो त्यांनी १९९७ साली पैसे मोजून परत घेतला. पण त्यांच्या पायाखाली पहिल्यापासून मैदान होतं, हेही खरं. भाड्याच्या घरात तीस वर्षं काढल्यावर आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा हिच्या पाटल्या मोडल्या होत्या. त्यावर मी कधी चिडलो नव्हतो...

ड्रॉनफील्डला जायचं तेवढं राहून गेलं. परतीचं तिकीट शुक्रवारचं होतं आणि सामना शनिवारी.