मळका चेंडू, ढगाळ दुपार

1920 चा हंगाम, सहा महिने आधी

फेब्रुवारीत बेसबॉलच्या कारभाऱ्यांनी नियम केला की यापुढे पिचरने चेंडूला थुंकी लावायची नाही. थुंकी लावलेला चेंडू हवेत कसाही वळतो आणि बॅटरला त्याचा अंदाज येत नाही. पण ज्यांचं पोटच या चेंडूवर चालत होतं अशा सतरा पिचरांना सवलत मिळाली. क्लीव्हलँड इंडियन्सचा स्टॅन कोव्हेलेस्की त्या सतरांपैकी एक. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थुंकीवर बंदी आली, मळावर आली नाही. तंबाखूचा रस, माती, गवताचा हिरवा डाग यांनी पांढरा चेंडू तासाभरात मातकट व्हायचा आणि तरी तोच खेळात राहायचा. हंगाम सुरू झाल्यावर संघमालकांनी तक्रार केली की अंपायर चेंडू फार बदलतात, खर्च वाढतो. अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी अंपायरांना कळवलं, अगदी धोकादायक झाला असेल तरच चेंडू बदला, नाहीतर चालवून घ्या. धोकादायक म्हणजे नेमका किती मळका, हे कोणी ठरवायचं? ते अंपायरच्या नजरेवर सोडलं, आणि खर्चाची आठवण मात्र त्याला आधीच करून दिलेली होती.

सोमवार, 16 ऑगस्ट, दुपार

न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर वीस हजारांवर लोक जमले आहेत. आभाळ भरून आलंय, हवा दमट आहे. मैदान खरं तर जायंट्सचं. यँकीज इथे भाडेकरू. त्यांचं स्वतःचं स्टेडियम व्हायला अजून तीन वर्षं आहेत. पण गर्दी त्यांनाच जास्त, कारण बेब रूथ याच हंगामात बॉस्टनहून त्यांच्याकडे आलाय.

क्लीव्हलँड, शिकागो आणि न्यूयॉर्क असे तीन संघ अग्रस्थानासाठी एकमेकांच्या अंगावर आहेत. क्लीव्हलँडने आजवर एकदाही लीग जिंकलेली नाही. हंगामी सामना असला तरी आजचा निकाल दोन्ही संघांना महाग पडू शकतो.

क्लीव्हलँडचा शॉर्टस्टॉप रे चॅपमन 29 वर्षांचा आहे. चपळ, गोड गळ्याचा, प्रतिस्पर्ध्यांतही मित्र असलेला माणूस. गेल्या ऑक्टोबरात त्याचं कॅथलीन डेलीशी लग्न झालं. सासरे क्लीव्हलँडमधल्या गॅस कंपनीचे अध्यक्ष. खेळ सोडून धंद्यात शिरायची वाट मोकळी होती. पण जिवलग मित्र ट्रिस स्पीकर संघाचा मॅनेजर, त्याच्यासाठी आणि एका विजेतेपदासाठी तो आणखी एक हंगाम थांबला. कॅथलीन गरोदर आहे.

समोर यँकीजचा कार्ल मेज. हात खालून, जवळजवळ जमिनीला घासत आणून तो चेंडू टाकतो. बॅटरच्या अंगावर चेंडू टाकण्याबद्दल बदनाम, आणि स्वतःच्या संघातही फारसा कोणाचा लाडका नाही. आज जिंकला तर कारकिर्दीतला शंभरावा विजय. क्लीव्हलँडकडून पिचर आहे तो कोव्हेलेस्की, थुंकीच्या चेंडूचा परवाना असलेला.

पहिल्या चार इनिंग

पहिल्या इनिंगमध्ये चॅपमन बंट करतो, म्हणजे चेंडू नुसता बॅटवर घेऊन पुढ्यात टाकतो. स्वतः बाद होतो आणि सहकाऱ्याला एक बेस पुढे सरकवतो. यात त्याचा हात कोण धरणार? 1917 च्या एका हंगामात त्याने असे 67 त्याग केले होते, तो विक्रम आजही अबाधित आहे. दुसऱ्या इनिंगमध्ये कॅचर स्टीव्ह ओनील होम रन मारतो. तिसरीत चॅपमनचा बंट उडतो आणि झेल जातो. चौथी संपते तेव्हा क्लीव्हलँड 3, न्यूयॉर्क 0.

पाचवी इनिंग

पहिला बॅटर चॅपमन. होम प्लेटला खेटून, अंगाचं मुटकुळं करून, डोकं पुढे काढून उभा राहण्याची त्याची सवय आहे. डोक्यावर कापडी टोपी. हेल्मेट कोणाच्याच डोक्यावर नाही.

पिचर आणि प्लेट यांत अंतर साठ फूट सहा इंच, आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा साडेपाच फूट कमी. शिवाय इथे टप्पा नाही. मेजचा हात मातीजवळून येतो, चेंडू मातीच्याच रंगाचा, मागे ढगाळ उजेड. चेंडू आतल्या बाजूने वर चढतो. चॅपमन हलत नाही. पाहणाऱ्या बहुतेकांचं म्हणणं एकच पडलं, की त्याला चेंडू दिसलाच नाही.

मोठा आवाज होतो. चेंडू घरंगळत मेजकडे परत येतो. बॅटला लागलाय असं समजून मेज तो उचलतो आणि पहिल्या बेसवरच्या वॉली पिपकडे फेकतो. पिप बाद करून वळतो, तेव्हा बॅटर धावलेलाच नसतो. चॅपमन प्लेटपाशी गुडघ्यांवर खचलाय. चेंडू डाव्या कानशिलावर बसलाय.

अंपायर टॉमी कॉनोली प्रेक्षकांकडे वळून डॉक्टरसाठी हाका मारतात. बर्फ येतो. काही मिनिटांनी चॅपमनला उभं करतात, तो दोघांच्या आधाराने चालूही लागतो. इथल्या कपडे बदलायच्या खोल्या मैदानाच्या पार टोकाला, म्हणून अख्खं मैदान ओलांडणं भाग. दुसऱ्या बेसपाशी त्याचे पाय जातात. उरलेलं अंतर त्याला उचलून नेतात.

मेज अंपायरला चेंडू दाखवतो. म्हणतो, यावर एक जागा खरखरीत झालीय. स्वतःचा बचाव असेल. पण हे खरं असेल तर तो चेंडू आधीच खेळातून जायला हवा होता.

चॅपमनच्या जागी हॅरी लुंटे येतो. खेळ पुढे सुरू.

संध्याकाळ

नवव्या इनिंगमध्ये यँकीज तीन धावा काढतात, पण क्लीव्हलँड 4–3 असं जिंकतं. मेजचा शंभरावा विजय लांबतो. सेंट लॉरेन्स हॉस्पिटलात चॅपमनची वाचा जाते-येते. नेण्यापूर्वी त्याने ट्रेनरकडे ठेवायला दिलेली अंगठी मागून घेतली होती, बायकोने दिलेली. स्पीकर क्लीव्हलँडला फोन करतो. कॅथलीन रात्रीची गाडी पकडते.

रात्री 10

नाडी चाळीसपर्यंत उतरलीय. डॉक्टर स्पीकरला सांगतात, शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही. बायको अजून गाडीत, तिच्याशी बोलायचं साधन नाही. तेव्हा होकार द्यायची वेळ मॅनेजरवर येते, जो दुपारी फक्त मित्राच्या मागून बॅटिंगला यायचा होता.

रात्री 12.29

शस्त्रक्रिया सुरू होते. कवटीला साडेतीन इंचांची भेग. आत रक्ताच्या गाठी. मेंदूला इजा डाव्या बाजूला तर आहेच, आतल्या आत उजव्या बाजूवर आपटून तिकडेही आहे.

मराठी वाचकाला इथे 1962 चं बार्बाडोस आठवेल. चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यात बसला, तेव्हाही हेल्मेट नव्हतं आणि तेव्हाही कवटी उघडावी लागली. फ्रँक वॉरेल, पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी यांनी रक्त दिलं. काँट्रॅक्टर वाचले, कसोटी मात्र पुन्हा खेळले नाहीत. मधल्या बेचाळीस वर्षांत शस्त्रक्रियाशास्त्र कुठल्या कुठे गेलं होतं, टोपी मात्र तीच होती.

1.44

शस्त्रक्रिया संपते. श्वास थोडा सुधारल्यासारखा वाटतो. सहकारी आशेने हॉटेलवर परततात.

मंगळवार, 17 ऑगस्ट, पहाटे 4.40

रे चॅपमनचा मृत्यू. चेंडू लागून मेलेला मेजर लीगमधला हा एकमेव खेळाडू.

सकाळी 10

कॅथलीनची गाडी न्यूयॉर्कला पोचते. तिला हॉटेलवर नेऊन सांगितलं जातं, ती बेशुद्ध पडते. त्या दिवसाचा सामना रद्द होतो.

त्यानंतर

सरकारी वकिलाच्या कचेरीने मेजला त्याच दिवशी निर्दोष ठरवलं, अपघात म्हणून. दुसऱ्या संघांनी त्याच्याविरुद्ध खेळणार नाही अशी भाषा केली. आठवड्याभरात तो पुन्हा मैदानात उतरला आणि त्याने डेट्रॉइटला एकही धाव करू दिली नाही. कारकिर्दीत त्याचे दोनशेवर विजय झाले, तरी हॉल ऑफ फेमचं दार त्याला उघडलं नाही. माझ्या मते सगळा राग एका माणसावर काढणं सोयीचं होतं. मेज सज्जन होता असा माझा दावा नाही. पण चेंडू मळका ठेवायचं त्याने ठरवलं नव्हतं. ते हिशेबाच्या वहीत ठरलं होतं, आणि वहीवाल्यांना कोणी पोलीस चौकीत बोलावलं नाही. एका जिवानंतर मात्र चेंडू मळला की बदलायचा ही रीत पडली. खर्च परवडतो, हेही मग कळलं.

क्लीव्हलँडने दंडावर काळी फीत बांधून हंगाम पुरा केला, लीग जिंकली, आणि वर्ल्ड सिरीजमध्ये ब्रुकलिनला 5–2 हरवलं. खेळाडूंनी बक्षिसातला पूर्ण वाटा कॅथलीनला दिला. मुलगी 1921 मध्ये जन्मली. कॅथलीन 1928 मध्ये वारली, आणि पुढच्याच वर्षी मुलगी गोवराने गेली.

हेल्मेटची सक्ती व्हायला 1971 उजाडलं. तीही नव्या खेळाडूंवर. जुन्यांना सूट होती, आणि नुसत्या टोपीवर खेळणारा शेवटचा बॅटर 1979 पर्यंत मैदानात होता.